पाणी 'व्यवस्थापना'साठी बाहेरून येणारा पैसा नक्की जातो कुठे?

कोरडी_विहीर:

मंडळी एक बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. आधी यावर धागा निघाला असेल तर लिंक द्या, मी गुपचूप तिकडे जाऊन वाचतो.

बातम्यांत सारखं येतं की अमक्या देशाला जागतिक बँकेने जलव्यवस्थापन सुधारायला इतके कोटी डॉलर मंजूर केले, जपानच्या जायका या सरकारी संस्थेने कर्ज दिलं, नेदरलँड्सने तज्ज्ञ पाठवले वगैरे. धरण बांधलं, पाइपलाइन टाकली तर कळतं की बाबा सिमेंट लागलं, लोखंड लागलं, गेले पैसे. पण 'व्यवस्थापन सुधारणे' याला कोट्यवधी डॉलर कसे काय लागतात? बातमीत पुढे क्षमता बांधणी, संस्थात्मक सुधारणा, एकात्मिक जलस्रोत व्यवस्थापन असले शब्द येतात आणि माझं डोकं तिथेच बंद पडतं. म्हणजे माणसं एसी हॉलमध्ये बसून प्रेझेंटेशन बघतात, त्याचं हे बिल असतं का?

दुसरं म्हणजे ही मदत असते का कर्ज? आणि तिसरं, खरं तर हेच मला जास्त विचारायचंय, की पाच-सहा वर्षांनी प्रोजेक्ट संपला, बाहेरची मंडळी विमानात बसली, की मागे काय उरतं? ऑफिसात यावर वाद झाला, एक जण म्हणे सगळी लूट आहे, दुसरा म्हणे हे नसतं तर अर्ध्या जगाला नळ माहीत नसता. उदाहरण दोघांकडेही नव्हतं. माझ्याकडेही नाही, म्हणून इथे आलो.

---

जुना_गेजवाला:

प्रश्न बाळबोध वगैरे काही नाही, आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना याचं उत्तर देता आलं नसतं. मी अनेक वर्षं नदीचं पाणी मोजण्याच्या कामात काढली, त्यातली बरीचशी बाहेरच्या पैशावर चाललेल्या प्रोजेक्टात, तेव्हा थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी पैसा कुठे जातो ते. धरण हातात असलं तरी वरून किती पाणी येतंय, किती तासांनी येतंय, हे कळल्याशिवाय दरवाजे कधी उघडायचे ते ठरत नाही. त्यासाठी नदीवर पाण्याची पातळी मोजणारी गेज स्टेशनं लागतात, पर्जन्यमापक लागतात, भूजलाच्या निरीक्षण विहिरी लागतात, पाणी तपासायला लॅब लागते, हा सगळा डेटा एका जागी आणायला सर्व्हर आणि तो वाचू शकणारी माणसं लागतात. मग कोणी किती उपसायचं याचा कायदा, परवाने, ते परवाने तपासणारं ऑफिस. पूर येणार असेल तर दोन दिवस आधी सांगणारं मॉडेल. हे सगळं मिळून ते 'व्यवस्थापन'. एसी हॉलही असतोच त्यात, नाकारत नाही, जेवणं चांगली असायची.

भारताचंच बघा. हायड्रॉलॉजी प्रोजेक्ट म्हणून १९९५ ते २००३ असा पहिला टप्पा झाला, जागतिक बँकेचं कर्ज आणि नेदरलँड्सचं तांत्रिक सहाय्य. मुख्यतः द्वीपकल्पातली ९ राज्यं होती. त्याआधी एकाच नदीवर केंद्राचं खातं वेगळं मोजायचं, राज्याचं वेगळं, भूजलवाले आपले तिसरीकडे, आणि कोणी कोणाला आकडा द्यायचं नाही. वह्यांच्या वह्या पडून. तो डेटा कॉम्प्युटरवर आला, मोजायची पद्धत सगळीकडे एक झाली. याला उद्घाटनाचा फोटो नसतो म्हणून बातमी होत नाही. पुढे दुसरा टप्पा झाला आणि २०१६ मध्ये देशभराचा राष्ट्रीय प्रकल्प, साधारण ३६८० कोटींचा, त्यात निम्मे बँकेचे.

मदत की कर्ज, तर बहुतेक वेळा कर्जच. गरीब देशांना बँकेची आयडीए नावाची शाखा (१९६० पासून आहे) ३०-४० वर्षांच्या मुदतीचं, बिनव्याजी किंवा नावापुरत्या व्याजाचं कर्ज देते, आणि जे देश आधीच कर्जात गळ्यापर्यंत बुडालेत त्यांना अनुदान. मध्यम उत्पन्नाच्या देशांना बाजाराच्या जवळचं व्याज. युरोपातले देश तज्ज्ञ, ट्रेनिंग असलं बऱ्याचदा अनुदान म्हणून देतात. जपानच्या एका प्रकारच्या कर्जाला अट असते की मुख्य कंत्राटदार जपानी पाहिजे, व्याज अगदी कमी पण पैसा फिरून घरी. आणि हल्ली एक नवीन पद्धत आलीय, आधी काम दाखवा मग पैसे. आपली अटल भूजल योजना त्यातलीच, ६००० कोटी, निम्मे बँकेचं कर्ज, ७ राज्यं. गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला, भूजलाचा डेटा उघड केला, असे टप्पे ठरलेले होते, ते झाले की हप्ता सुटायचा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्यासाठी खरं तर मी टाइप करायला बसलो. एका प्रोजेक्टात (देश, खातं सांगत नाही, ओळखीची माणसं अजून नोकरीत आहेत) आम्ही नदीवर ऑटोमॅटिक स्टेशनं बसवली. रडार सेन्सर, सोलर पॅनेल, दर १५ मिनिटांनी आकडा थेट हेडऑफिसला. पाहुणे आले की त्यांना तो स्क्रीन दाखवायचो, छान हिरवे ठिपके. प्रोजेक्ट संपला आणि सहा-आठ महिन्यांत ठिपके एकेक करून लाल व्हायला लागले. आम्हाला वाटलं सेन्सर गेले, बॅटऱ्या चोरीला गेल्या, माणूस पाठवला तर सगळं जागेवर ठणठणीत. मग कळलं की आतल्या सिम कार्डांचा रिचार्ज संपलाय. प्रोजेक्ट चालू असताना तो खर्च प्रोजेक्टात होता, संपल्यावर खात्याच्या बजेटात त्याला लेखाशीर्षच (खर्च नोंदवायची जागाच) नाही! सिमचा रिचार्ज कुठल्या हेडखाली टाकायचा यावर फाइल दीड वर्ष फिरली. दरम्यान दोन पावसाळे गेले. ते दोन पावसाळे आता कुठल्याही पैशाने परत मोजता येणार नाहीत.

---

खडूस_मुंगी:

गेजवाले काकांचं सिम कार्ड वाचून हसू का रडू कळेना. पण काका तुम्ही फारच सौम्य लिहिलंय, म्हणून दुसरी बाजू मी मांडते. नुसता पैसा वाया गेला तर परवडलं म्हणायची पाळी आणणारी उदाहरणं आहेत.

बांगलादेश. ७०-८० च्या दशकांत युनिसेफ आणि सरकारने मिळून लाखो कूपनलिका खोदायला लावल्या, कारण तळ्याचं पाणी पिऊन लहान मुलं जुलाबाने मरत होती, हेतू शंभर टक्के चांगला. पाणी तपासलं पण आर्सेनिक तपासलं नाही, तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत ते नव्हतंच. १९९३ मध्ये आर्सेनिक सापडलं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेला अंदाज साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असा होता, आणि इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा असं त्याचं वर्णन केलं होतं. आता याची जबाबदारी कोणाची? कोणीच घेतली नाही, उलट आर्सेनिक निवारणाचे नवे प्रोजेक्ट आले.

सरदार सरोवर. १९८५ ला जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले तेव्हा किती लोक उठणार, कुठे जाणार याचा धड अभ्यास झालेला नव्हता. आंदोलन झालं, बँकेला स्वतःच स्वतंत्र समिती नेमावी लागली (मोर्स समिती), तिने १९९२ मध्ये बँकेलाच झापलं आणि मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारताने सोडून दिलं. तक्रार ऐकायला बँकेचं इन्स्पेक्शन पॅनेल त्याच वर्षी आलं. म्हणजे लोक पाण्यात उभे राहिले तेव्हा कुठे बँकेला तक्रारपेटी सुचली. धरण पुढे झालंच म्हणा, बँक गेली म्हणून थांबलं नाही, तो वेगळा विषय.

बोलिव्हियातलं कोचाबांबा तर माहीतच असेल. बँकेचा शहराच्या पाणीपुरवठ्याच्या खासगीकरणाचा आग्रह, १९९९ ला एकच बोली आली तिलाच ४० वर्षांचं कंत्राट, पाणीपट्टी वाढली, लोक रस्त्यावर, एप्रिल २००० मध्ये कंत्राट रद्द.

आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे आफ्रिकेतला प्लेपंप. मुलांनी गोल चक्रावर खेळायचं आणि त्यावर पंप चालून टाकी भरायची. २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या थाटात १.६४ कोटी डॉलर जाहीर, ४००० पंप बसवणार म्हणून. म्हणे एका पंपावर २५०० लोकांचं भागेल. नंतर एका इंग्रजी पेपरने हिशोब घातला तर तेवढ्या पाण्यासाठी पोरांना दिवसाला २७ तास खेळावं लागलं असतं. प्रत्यक्षात काय झालं, तर मुलं कंटाळून निघून जायची आणि बायका ते चक्र हाताने ढकलत बसायच्या. त्या बायकांना आधी विचारलं असतं तर फुकटात उत्तर मिळालं असतं.

---

नदीकाठची_बाभळ:

खडूसताई सगळं खरं, पण तुम्ही वेचून वेचून काढलंत. मी दोन उलट बाजूची उदाहरणं देतो.

नॉम पेन्ह, कंबोडिया. १९९३ ला युद्धातून बाहेर पडलेलं शहर, पाइपात सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के पाणी गळती आणि चोरीत जायचं. पाणीखात्याचेच कर्मचारी चोरून कनेक्शनं विकायचे. तिथे प्रमुख म्हणून आले एक सोन चान (यातलं 'एक' हे नावातलंच आहे). एशियन डेव्हलपमेंट बँक, जागतिक बँक, जपान, फ्रान्स सगळ्यांनी पैसे दिले, पाइप बदलले. पण नुसते पाइप बदलून चोरी थांबत नसते. या माणसाने घरोघर मीटर लावले, मंत्र्यासंत्र्यांना बिलं पाठवली. एका लष्करी अधिकाऱ्याकडे मीटर बसवायला गेले तर त्याने डोक्याला बंदूक लावली, हे परत आले ते सशस्त्र माणसं घेऊन आणि कनेक्शन तोडूनच गेले. दीड-दोन दशकांत ७२ टक्क्यांची गळती ६ च्या आसपास आली, चोवीस तास पाणी आलं, तेही अशा शहरात. २००६ ला मॅगसेसे मिळालं त्यांना. अनेक श्रीमंत देशांतल्या शहरांची गळती याहून जास्त आहे.

दुसरं उदाहरण मध्य आशियातल्या अरल समुद्राचं. अरल समुद्र आटला ते सगळ्यांना माहितीय, पण त्याचा उत्तरेकडचा छोटा तुकडा कझाकस्तानने परत भरला हे कमी जणांना माहितीय. गंमत म्हणजे पहिला बांध तिथल्या लोकांनी स्वतःच घातला होता, वाळूचा, ९० च्या दशकात. तो फुटायचा, परत घालायचे, १९९९ ला पार वाहून गेला. पण तेवढ्या काळात पाणी चढतं हे सिद्ध झालेलं. मग जागतिक बँकेच्या कर्जातून पक्का कोक-अरल बांध झाला, १३ किलोमीटरचा, २००५ ला पूर्ण. पाणी चढायला बरीच वर्षं लागतील म्हणत होते, ते वर्षाच्या आत चढलं. खारटपणा उतरला, गोड्या पाण्याचे मासे आले, बंद पडलेली मासेमारी सुरू झाली. दक्षिणेकडचा मोठा अरल मात्र मेला तो मेलाच.

दोन्हीकडे बघा, कल्पना आणि धडपड तिथल्या माणसांची आधीपासून होती, बाहेरचा पैसा नंतर त्याला येऊन मिळाला.

---

खडूस_मुंगी:

बाभळदादा तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात, थँक्यू :) एक सोन चान प्रत्येक शहराला मिळत नाही, आणि कर्जाच्या करारात 'एक प्रामाणिक आणि बंदुकीला न घाबरणारा अधिकारी' असं कलम घालता येत नाही.

---

पंपदुरुस्ती:

मी फक्त हातपंपाबद्दल बोलतो कारण तेवढंच येतं. मराठी माणसांना हे माहीत पाहिजे की जगभर जो इंडिया मार्क टू हातपंप गेला त्याचं मूळ आपल्या जालना आणि सोलापूरकडे आहे. दुष्काळात परदेशातून आलेल्या ड्रिलिंग मशिनांनी बोअर धडाधड झाले पण वर बसवलेले बिडाचे पंप घरगुती वापराचे, अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की महिनाभरात मोडायचे. तिथल्या मिशनच्या लोकांनी वर्कशॉपात पोलादी पंप वेल्ड करून बनवले, त्यावरून पुढे युनिसेफने ७० च्या दशकात भारतीय कारखान्याबरोबर डिझाइन पक्कं केलं. ते टिकलं कारण मोडलेला पंप रोज बघणाऱ्यांनी ते बनवलं होतं.

पण तोच पंप आफ्रिकेत गेला आणि स्पेअर पार्टची साखळी मागे राहिली. वायसर गेला की नवीन वायसर कुठे मिळणार? २००९ च्या एका अंदाजात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दर तीन हातपंपांमागे एकाहून जास्त बंद होता. देणाऱ्याच्या रिपोर्टात मात्र 'इतके पंप बसवले' हाच आकडा. चालू किती ते पाच वर्षांनी मोजायला कोणी येत नाही.

---

सहज_डोकावले:

+१ पंपदुरुस्ती.

इथे कोणी दोन देशांतल्या नद्यांचं लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सिंधू करार १९६० चा, नऊ वर्षं वाटाघाटी, मध्यस्थ जागतिक बँक. नुसती समजूत घालून तो झाला नसता, पाकिस्तानला नवे कालवे आणि धरणं बांधायला अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांनी निधी दिला, भारतानेही पौंडांत रक्कम दिली. तीन युद्धं झाली तरी तो टिकला आणि एप्रिल २०२५ मध्ये भारताने स्थगित ठेवला. त्यावर इथे भांडण नको, वेगळा धागा काढा.

सेनेगल नदीचं मला जास्त आवडतं. माली, मॉरिटानिया, सेनेगल यांनी १९७२ ला संस्था काढली आणि मनांताली आणि दियामा ही धरणं तिघांच्या सामाईक मालकीची. मनांताली तर एकट्या मालीच्या जमिनीवर पण मालक सगळे! बाहेरून कर्ज मिळालं ते तिघांनी मिळून मागितलं म्हणून. (दियामानंतर खाऱ्या पाण्याची ये-जा थांबली, गोगलगाई वाढल्या आणि त्यांच्यातून पसरणारा बिलहार्झिया रोग वाढला, हे पण लिहायला पाहिजे.)

आणि कोणीच पैसा दिला नाही तर? इथिओपियाने नाईलवरचं धरण २०११ ला सुरू केलं, खालच्या देशांची संमती नाही म्हणून मोठ्या बँका लांब राहिल्या, यांनी आपल्याच लोकांना रोखे विकले, सरकारी नोकरांच्या पगारातून पैसे घेतले, आणि सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन करून मोकळे झाले. इजिप्त अजून चिडलेलाच आहे.

---

कोरडी_विहीर:

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, ऑफिसात उद्या मीच भाव खाणार.

एक उपप्रश्न. गेजवाले काका, तो सिमचा रिचार्ज आधीच का नाही ठरत? म्हणजे कर्ज देणाऱ्यालाही माहितीय, घेणाऱ्यालाही माहितीय की सहा वर्षांनी हे आपल्यालाच चालवायचंय. आणि २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्थाच गुंडाळली, तेव्हा तर सहा वर्षंही मिळाली नसतील काही ठिकाणी?

---

जुना_गेजवाला:

यूएसएडचं आधी सांगतो. फ्यूजनेट म्हणून दुष्काळ आणि अन्नटंचाईची आधी सूचना देणारी यंत्रणा होती, १९८५ पासूनची. पाऊस, पिकं, धान्याचे भाव एकत्र बघून कुठे उपासमार येणार ते सांगायची. जानेवारी २०२५ च्या शेवटी ती वेबसाइटच बंद झाली आणि काही महिने बंदच राहिली. कितीतरी देश स्वतःचा अंदाज न काढता तिच्याकडेच बघून नियोजन करायचे. म्हणून मला मेकाँग नदीच्या आयोगाचं बरं वाटतं, १९९५ चा करार, चार देश, वर्षानुवर्षं युरोपियन देणगीदारांच्या पैशावर चालला, पण २०३० पर्यंत सगळा खर्च सदस्य देशांनीच उचलायचा असं त्यांनी ठरवलंय. दर वर्षी थोडा थोडा हिस्सा वाढवत. जमेल का बघू, पण तारीख तरी लिहिली.

आता रिचार्ज. ठरत नाही असं नाही, कागदावर ठरतं. करारात एक ओळ असतेच की 'देखभालीचा खर्च संबंधित खातं करेल'. पण करार सही करतं अर्थखातं, राबवतं वेगळंच प्रोजेक्ट ऑफिस जे प्रोजेक्टाबरोबर बंद होतं, आणि चालवायचं असतं आमच्यासारख्या जिल्ह्याच्या ऑफिसने ज्याला त्या बैठकीला कोणी बोलावलेलंच नसतं. शिवाय कर्जातून नवीन यंत्र घेता येतं, जुनं दुरुस्त करायला पैसे मागितले तर दोन्हीकडून नाकं मुरडतात. मग आम्ही काय करायचो, तर जुनं मरू द्यायचो आणि पुढच्या टप्प्यात नवीन मागायचो. चूक होती, पण सगळेच तसं करायचे.

तुम्हाला खरंच खोलात जायचं असेल तर जागतिक बँकेचे प्रोजेक्ट संपल्यावरचे अहवाल त्यांच्या साइटवर फुकट आहेत, कम्प्लिशन रिपोर्ट म्हणून शोधा. पुढची गोडगोड पानं सोडा, हे किती टिकेल आणि धोका काय असा एक भाग मागे असतो तो आधी वाचा. तिथे भाषा एकदम सावध होते, त्यावरूनच कळतं.

---

कोरडी_विहीर:

एक उघडला. पान ३१ वर आहे ते, 'सरकारने पुरेशी तरतूद केल्यास'. काका हे तुमचं सिम कार्डच ना?

---

जुना_गेजवाला:

हो तेच.